ओल धरलेला पलंग

द्वारकाबाईंचं बहुतेक आयुष्य जमिनीवर मांडी घालून गेलं. तेरखेड्याच्या माळावर फटाक्यांचे कारखाने आहेत. त्यातल्या एका शेडमध्ये त्या कागदाच्या नळ्या वळायच्या. खाली गोणपाट, पुढ्यात पाट, डाव्या हाताला कागदाच्या पट्ट्या आणि उजव्या हाताला खळीचं भांडं. सळईवर पट्टी गुंडाळायची, तळव्यानं दाबून फिरवायची, सळई ओढून काढायची आणि नळी बाजूला टाकायची. दारू भरायचं काम लांबच्या शेडमध्ये चाले. तिकडं त्या कधी गेल्या नाहीत, कारण नवऱ्यानं, आण्णासाहेबांनी, लग्नानंतर पहिल्याच वर्षी तेवढी एक गोष्ट बजावून ठेवली होती. सकाळी घातलेली मांडी दुपारच्या भाकरीलाही सुटायची नाही. घरी आल्यावर चूल जमिनीवर, निवडणं-टिपणं जमिनीवर आणि झोपायची वाकळही जमिनीवरच.

घरात एक खाट होती, ती आण्णासाहेबांची. ते गेले तेव्हा तेराव्याला ती रीतीप्रमाणं दान गेली. द्वारकाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. खाट आपल्यासाठी असते असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

साठी ओलांडली आणि गुडघे गेले. आधी कुरकुर होती, मग सूज आली, मग खाली बसल्यावर उठायला भिंत लागायला लागली. भिंत लांब असली की सुनेला हाक मारावी लागे. तालुक्याच्या गावी, वाशीला, डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "आजी, आता खाली बसायचं बंद करा. खुर्चीवर बसा, पलंगावर झोपा. जमिनीवरून उठण्यात तुमचे गुडघे संपत चाललेत."

त्यांचा मुलगा कृष्णराज वाशीला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. त्याच्या खोलीत लग्नात आलेला पलंग होता. तो म्हणाला, "आई, तू आमच्या पलंगावर झोपत जा. आमी टाकतो खाली."

"तुमचा तुमाला ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी माझा घेते."

लुगडं आणि चपला सोडल्या तर "माझा" म्हणावं असं काही त्यांनी आजवर विकत घेतलं नव्हतं. बचत गटात त्यांचे पैसे साठलेले होते. ते त्यांनी उचलले, आणि श्रावणातल्या एका सकाळी सुनेला, अर्पिताला, घेऊन एसटीनं धाराशिवला गेल्या.

शिवप्रसाद शेठचं फर्निचरचं दुकान दुमजली होतं. खाली सोफे आणि कपाटं, वर पलंग. जिना चढायला द्वारकाबाईंना बराच वेळ लागला. वर गेल्यावर त्यांनी किमती विचारल्या नाहीत की नक्षी बघितली नाही. त्या एकेका पलंगावर बसत, पाय टेकतात का बघत, आणि हात न लावता उठून बघत. काही पलंग इतके बुटके होते की त्यावरून उठणं जमिनीवरून उठण्यासारखंच होतं. काहींवर पाय लोंबकळत राहत. दुकानातली पोरं गालात हसत होती. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतः प्लास्टिकचं कव्हर बाजूला करून दिलं.

"मावशी, बसा बिनधास्त. घेताना बघूनच घ्यावं."

खिडकीजवळच्या एका पलंगावरून द्वारकाबाई अगदी सहज उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. डोक्याकडच्या फळीवर सागवानी रंगाची वेलबुट्टी होती. त्यांनी फळीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो."

"हा नमुन्याचा आहे. असाच तुम्हाला गोदामातून पॅक येईल, घरपोच."

पैसे पूर्ण दिले. पावती अर्पितानं पर्समध्ये ठेवली. परतीच्या गाडीत द्वारकाबाई खिडकीशी बसून होत्या. येरमाळा आल्यावर अचानक म्हणाल्या, "सोप्यात पूर्वेकडच्या भिंतीला लावू. सकाळचं ऊन येतंय तिथं."

पलंग आला तो बजरंगच्या टेम्पोतून. बजरंग गावातलाच होता. हप्त्यावर घेतलेला छोटा टेम्पो तो शेठच्या दुकानाच्या भाड्यावर चालवायचा. पुठ्ठा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मोठे नग त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं सोप्यात, बाहेरच्या खोलीत, आणून ठेवले. त्याला पुढं कळंबला एक कपाट पोचवायचं होतं.

"काकू, हितं सही करा. माल मिळाला म्हणून."

द्वारकाबाईंनी सही केली. रात्रशाळेत शिकलेली सही, अक्षरं सुटी सुटी. दुकानाचा जोडणारा माणूस मागून मोटारसायकलवर आला. त्यानं पुठ्ठे फाडले, बोल्ट आवळले, घाईघाईत पलंग उभा केला आणि गेला.

वास पहिल्यांदा अर्पिताला आला. बंद खोलीत पावसाळाभर पडलेल्या पोत्यांना येतो तसा कुबट वास. तिनं डोक्याकडची फळी बघितली, तर खालच्या कोपऱ्यात वरचा पापुद्रा पुरीसारखा फुगला होता. बोटानं दाबला तर आत भुसभुशीत लागलं. एक पाय जमिनीला टेकत नव्हता. पायाजवळच्या बोल्टाखालून भुसा सांडला होता.

"आत्या, थांबा, बसू नका."

पण द्वारकाबाई बसल्या होत्या. पलंग एका बाजूला कलला, बोल्ट भुशातून निसटला आणि त्या कडेवरून घसरत हळूहळू जमिनीवर आल्या. लागलं काहीच नाही. पण हाताला धरायला काही नव्हतं, भिंत लांब होती, आणि गुडघे वळायला तयार नव्हते. त्या तशाच बसून राहिल्या. अर्पितानं काखेत हात घालून त्यांना उचललं. उठल्यावर त्यांनी लुगडं झटकलं आणि एवढंच म्हणाल्या, "फोन लाव दुकानाला."

दुकानातून सांगितलं की माणूस पाठवतो. पोळा गेला, गणपती बसले, माणूस आला नाही. फोन केला की कधी शेठ बाहेरगावी असत, तर कधी फोन वाजून वाजून बंद होई. शेवटी सासू-सून पुन्हा धाराशिवला गेल्या. शेठ गल्ल्यावरच होते.

"मावशी, आमच्याकडून माल चांगला गेला. ताबा घेतल्याची तुमची सही आहे. आणि पावतीवर स्पष्ट लिहिलंय."

अर्पितानं पावती काढली. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, ते तिनं मोठ्यानं वाचलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

द्वारकाबाईंनी विचारलं, "पैसं घ्यायच्या आदी ही वळ वाचून का न्हाय दावली?"

"सगळ्या दुकानात असतंय मावशी हे."

"सगळ्या दुकानातलं मला काय करायचंय? म्या तुमच्या दुकानात आले हुते."

दुसरं गिऱ्हाईक आलं आणि शेठ तिकडं वळले. दोघी थोडा वेळ उभ्या राहिल्या. बसा असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

घरी कृष्णराज वैतागला. "आई, सोड आता. वाशीच्या मल्लिनाथ सुताराला बोलावतो. लोखंडी पट्ट्या मारून देईल, पाय बदलून देईल. पैसे मी देतो. किती हेलपाटे मारायचे?"

"दुरुस्त केलेला पलंग मागितला न्हवता म्या. नवा मागितला, नव्याचं पैसं दिलं."

"मग काय, कोर्टात जाणार?"

द्वारकाबाईंना कोर्टाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी पलंग सुटा करून भिंतीला टेकवून ठेवायला सांगितला. त्याला कुणी खिळा मारायचा नाही, त्यावर कुणी काही ठेवायचं नाही. स्वतःसाठी त्यांनी पत्र्याच्या दोन पेट्या जोडून घेतल्या आणि त्यावर गादी टाकली. कूस बदलली की पेटीचं झाकण टणकन वाजे आणि आतल्या खोलीत कृष्णराजची झोप मोडे. घरात येणारा प्रत्येक माणूस विचारी, "हे काय उभं करून ठेवलंय?" आणि द्वारकाबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. काही जण हळहळत. काही म्हणत की एवढ्या मोठ्या दुकानाशी कोण भांडत बसणार. एक-दोघींनी तर दुसरीकडं तोंड करून हसूनही घेतलं, म्हातारपणी पलंगाचं वेड लागलंय म्हणून. ते त्यांच्या कानावर आलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

एका दुपारी अर्पितानं टीव्हीवर पाहिलेल्या जाहिरातीतला ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लावला. एकोणीस पंधरा. पलीकडं मराठी बोलणारी एक बाई होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि दुकानाला कळवलं. दुकानानं उत्तर दिलं नाही. मग तिनंच पुढची वाट सांगितली. आधी दुकानाला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. त्यावरही काही केलं नाही तर धाराशिवला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. एवढ्या किमतीच्या मालाला फी पडत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. आणि ती पावतीवरची ओळ, ती छापली म्हणून सदोष माल विकणारा सुटत नाही.

"ताई, हे मी लिहू शकते?" अर्पितानं विचारलं.

"तुम्हीच लिहा. जे झालं ते सरळ लिहायचं."

अर्पिता बी.ए. होती. लग्नानंतर तिनं किराण्याची यादी सोडून काही लिहिलं नव्हतं. तिनं मोबाइलवर कुठलासा नमुना शोधला आणि त्याबरहुकूम दोन पानं खरडली. संध्याकाळी सासूला वाचून दाखवली. "सदर वस्तूमुळे अर्जदारास अतोनात शारीरिक व मानसिक त्रास होऊन…"

"थांब," द्वारकाबाई म्हणाल्या. "अतोनात म्हंजी?"

"म्हणजे लई."

"तसं नगं लिहू. लई म्हणलं की कुणालाबी वाटतंय, वाढवून सांगत्यात. म्या बसले, पलंग कलला, म्या खाली आले आन मला उठता आलं न्हाय. तेवढंच लिही. खरं तेवढंच हाय."

अर्पितानं पान फाडलं आणि नव्यानं लिहिलं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी त्या दोघी अशा कागद पुढ्यात घेऊन बसल्या. द्वारकाबाई पेटीवर आणि अर्पिता खाली. लग्न होऊन आल्यापासून एवढा वेळ त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

नोटीस पोचल्यावर मात्र शेठ स्वतः आले. गाडी दारात उभी राहिली तेव्हा कृष्णराज घरीच होता. त्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली. अर्पितानं चहा ठेवला. शेठनी भिंतीला टेकलेला पलंग एकदा बघितला आणि नजर काढून घेतली.

"मावशी, तुम्हाला त्रास झाला, मला वाईट वाटतं. उद्याच्या उद्या नवा पलंग पाठवतो. तुम्ही फक्त एक लिहून द्या, की माल टेम्पोतून आणताना आपटला आणि खराब झाला. मग मी ते बजरंगच्या भाड्यातून वळतं करून घेतो. तुमचंही काम होईल, माझंही नुकसान व्हायचं नाही."

कृष्णराजचा चेहरा उजळला. "बरं झालं, शेठ. मिटलं म्हणायचं."

द्वारकाबाई पेटीवरून हात टेकत उठल्या. पलंगापाशी गेल्या आणि फळीचा फुगलेला पापुद्रा नखानं उचलला. आतून काळी बुरशी दिसली, पार कोपऱ्यापर्यंत गेलेली.

"शेठ, हे आपटून हुतंय व्हय? टेम्पोत हा पलंग तासभर होता. तासाभरात एवढी बुरशी धरती?"

"ते मला काय माहीत मावशी. कंपनीकडनं आलेला माल आहे."

"मग कंपनीला धरा. त्या पोराला का धरताय?"

शेठ चहाचा कप फिरवत राहिले. द्वारकाबाई पुन्हा बसल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्या फटाक्याच्या नळ्या वळत होते. नळी सैल निघाली तर मुकादम परत फेकायचा, आन तिचा पैसा मिळायचा न्हाय. आमी कदी म्हणलो न्हाय की आमी वळलेली नळी परत घेत न्हाय. सैल नळी कुणाच्या तरी लेकराच्या हातात फुटती, ठाव होतं आमाला."

"ते निराळं, मावशी. हे निराळं."

"आसंल. पर म्या बजरंगवर खोटं लिहून देणार न्हाय."

शेठ उठले, नमस्कार केला आणि गेले. गाडीची धूळ खाली बसायच्या आत कृष्णराज आईवर तुटून पडला. दारात आलेला पलंग तू परत पाठवलास. बजरंगच्या भाड्यातून पैसे कापले असते तर आपण त्याला गुपचूप परत दिले असते. तुला पलंग नको आहे, तुला भांडण पाहिजे आहे.

शेवटचं वाक्य द्वारकाबाईंना लागलं. कारण तेच त्या स्वतःला विचारत होत्या. आपल्याला नेमकं काय पाहिजे? गुडघे दुखत होते, पेट्यांच्या कडा रुतत होत्या, आणि एक सही केली असती तर उद्या सपाट पलंगावर आडवं होता आलं असतं. हा हट्ट तर नाही? अर्पिताला त्यांनी हे बोलून दाखवलं. अर्पिता म्हणाली, "आत्या, तुम्ही लिहून दिलं असतं तरी मी काही म्हणाले नसते. पण नाही दिलं ते मला बरं वाटलं." मायलेकांचं बोलणं मात्र दिवाळीपर्यंत जेवणखाणापुरतंच राहिलं.

द्वारकाबाईंनी खोटं लिहून दिलं नाही, हे बजरंगला गावात कुठून तरी कळलंच. एके दिवशी तो येऊन दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"काकू, तुमचे उपकार हायत. पर माझं नाव कशात घालू नका. टेम्पोचा हप्ता शेठच्या भाड्यावरच चाललाय."

"म्या तुला काय मागितलं का?"

"न्हाय." तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "गोदामाचा पत्रा गळतोय. मालावर ताडपत्री टाकत्यात, पर कडंनं पाणी जातंच. ह्यो नग खालच्या थरातला होता. उचलतानाच वलसर लागला. म्या बोललो असतो तर दुसऱ्याला भाडं दिलं असतं त्यांनी."

द्वारकाबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. कारखान्यात त्याही कितीदा गप्प बसल्या होत्या, ते त्यांना आठवलं. "जा तू," त्या म्हणाल्या. "च्या घेऊन जा."

आयोगात तक्रार दाखल झाली. अर्पितानं पावती, फोटो, नोटिशीची पोचपावती सगळं लावलं. पहिल्या तारखेला दोघी सकाळच्या एसटीनं गेल्या. काम पुढं ढकललं गेलं. दुसऱ्या वेळी समोरचे वकील आले नाहीत. हिवाळा संपून उन्हं तापायला लागली तरी तारखा चालूच होत्या. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या द्वारकाबाईंना कळलं की अशी माणसं पुष्कळ आहेत. कुणाचा फ्रिज होता, कुणाचं न उगवलेलं बियाणं, कुणाचा नाकारलेला विमा. प्रत्येक जण आपापली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेला. त्यांना उगाच आपण एकट्याच वेड्या असल्यासारखं वाटत होतं, ते त्या बाकावर कमी झालं.

मग शेठचं लेखी म्हणणं आलं. त्यात लिहिलं होतं की माल दुकानातून सुस्थितीत गेला, वाहनचालक बजरंग याच्या निष्काळजीपणामुळं वाटेत नुकसान झालं असावं, त्याला दुकान जबाबदार नाही, शिवाय अर्जदारानं तपासूनच सही केली आहे.

अर्पिता ती प्रत घेऊन बजरंगच्या घरी गेली. तिनं त्याला काही मागितलं नाही, फक्त त्याचं नाव होतं तो भाग वाचून दाखवला. तिनं घरी येऊन सांगितलं की त्यानं तो कागद हातात घेतला आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसला. ज्या कागदात नाव नको म्हणून तो गप्प राहिला होता, त्यात शेठनीच ते घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तोच येऊन म्हणाला, "कुठं सही करायची सांगा." गोदाम, गळका पत्रा, खालचा थर, पुठ्ठ्याची ओल असं सगळं त्यानं शपथपत्रावर लिहून दिलं. त्यानंतर शेठकडचं भाडं बंद झालं. काही महिने त्याचे फार ओढाताणीचे गेले. पुढं कळंबच्या आडतीवर कांदा आणि भाजीपाल्याच्या खेपा मिळायला लागल्या, तेव्हा कुठं टेम्पो वाचला. द्वारकाबाईंना ते महिने आपल्या पलंगाइतकेच जड गेले. त्यांनी कृष्णराजला सांगून त्याच्या मालकाच्या दुकानातल्या खताच्या काही खेपाही बजरंगला मिळवून दिल्या. कृष्णराजनं त्या वेळी कुरकुर केली नाही.

आयोगापुढं बोलायची वेळ आली तेव्हा अर्पिता सुरुवातीला नुसतं कागदावरचं वाचत होती. मग तिला सूर सापडला. समोरच्या वकिलांनी त्या सहीवरच बोट ठेवलं. तेव्हा आयोगाच्या मॅडमनी द्वारकाबाईंनाच पुढं बोलावलं.

"आजी, सही तुमचीच आहे ना?"

"व्हय."

"सही करताना माल पाहिला होता का?"

"पुठ्ठ्यात होता, मॅडम. पुठ्ठा चांगला होता."

मॅडमनी हसू आवरत ते लिहून घेतलं. द्वारकाबाईंना मात्र आपण काही हसण्यासारखं बोललो असं वाटलं नाही.

निकाल पुढच्या पावसाळ्यात लागला. माल घरी पोचेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, वाहन त्यानंच ठरवलं होतं. बंद पॅकिंगवर घेतलेली सही म्हणजे माल चांगला असल्याचा पुरावा नाही. पावतीवर ओळ छापली म्हणून सदोष माल परत घ्यायचं टाळता येणार नाही. पलंगाची पूर्ण किंमत परत द्यावी आणि त्रासापोटी व खर्चापोटी काही रक्कम वर द्यावी, असा आदेश झाला. अर्पितानं एसटी स्टँडवर तो पुन्हा वाचला, आणि मग भर गर्दीत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. द्वारकाबाईंनी तिला पेरू घेऊन दिला.

शेठनी अपील केलं नाही. थोडी टाळाटाळ झाली, पण पैसे आले. मग एक दिवस दुकानाचे लोक येऊन पलंग घेऊन गेले. भिंतीवर त्याच्या मापाचा फिकट चौकोन राहिला. ज्याची रोज चीड यायची तो गेल्यावर सोपा उगाच मोठा वाटायला लागला. द्वारकाबाई दोन दिवस तिकडं बघून अस्वस्थ होत्या.

नवरात्रात त्या अर्पितासोबत तुळजापूरला गेल्या. दर्शन करून बाहेर आल्यावर एका दुकानाच्या कट्ट्यावर टेकल्या होत्या, तोच समोरून शिवप्रसाद शेठ येताना दिसले, सोबत त्यांच्या वृद्ध आई. नजरानजर झाली. शेठ क्षणभर थबकले. तोंड फिरवून पुढं जाणं सोपं होतं, पण ते आले.

"मावशी, गुडघे कसे आहेत?"

"हायत तसंच. गोदामाचा पत्रा बदलला का?"

शेठनी मान हलवली. "बदलला. बराच माल टाकून द्यावा लागला." मग म्हणाले, "पावत्या पण नव्या छापल्या. ती ओळ काढली."

"बरं केलं," द्वारकाबाई म्हणाल्या. शेठच्या आईला त्यांनी कट्ट्यावर जागा करून दिली. दोन्ही म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून थोडा वेळ पायऱ्यांविषयी बोलल्या, देवीच्या देवळाला किती पायऱ्या आणि उतरताना कशी दमछाक होते ते. शेठ आणि अर्पिता अवघडून उभे होते. मग आपापली वाट धरून सगळे निघाले.

पलंग मल्लिनाथ सुतारानं केला, वाशीला. कृष्णराजनंच सांगितलं आणि स्वतः आईला मोटारसायकलवर मागं बसवून घेऊन गेला. घरच्या तुकडाभर शेताच्या बांधावर वाळलेला कडुनिंब होता, तो कापून आणला. मल्लिनाथनं आधी नुसती चौकट उभी केली आणि द्वारकाबाईंना बसवून बघितलं. चौकटीचे पाय दोन बोटं कापले, पुन्हा बसवलं. नक्षी नाही, रंग नाही. ते काम चाललेलं असताना मायलेक भुशात खुर्च्या टाकून बसले होते. कृष्णराज आईकडं न बघता म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला नको होतं तसं." त्या म्हणाल्या, "तूबी खोटं बोलला न्हवता. थोडं भांडण मलाबी पाहिजे होतं."

आता पलंग सोप्यात आहे. दुपारी काम सुटल्यावर कारखान्यातल्या जुन्या सोबतिणी कधीमधी येतात. सगळ्यांचे गुडघे तसेच. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या सवयीनं खालीच बसायला लागल्या. वयानं मोठ्या बाईच्या बरोबरीनं पलंगावर कसं बसायचं, असं त्यांना वाटत होतं. सिताबाई तर भिंत धरून अर्धी वाकलीही होती.

"अगं खाली कुठं? वर बस की," द्वारकाबाई म्हणाल्या आणि कडेला सरकल्या. "तिगी बसत्यात त्याच्यावर. मजबूत हाय."

सिताबाई अंग चोरून टेकली. मग तिनं पाय जमिनीला लागतात का बघितलं, हात न लावता उठून बघितलं, आणि परत बसली.